परांची कधी काढायची?

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी तीन गोष्टी हमखास येतात. पावसावरच्या कविता, रायगडची सहल आणि मेसच्या डाळीवरचा विनोदी लेख. यंदा नोटीस बोर्डवर ‘काहीतरी अभ्यासपूर्ण लिहा’ असं वाचलं आणि विचार केला, लिहूनच टाकू. आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठी बोलायला घरचं, पण लिहायला अजूनही पाहुण्यासारखं वाटतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. तसंही या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांबद्दलच बरंच काही आहे!

मी विरार पूर्वेच्या मनवेलपाड्याची. तलावाच्या बाजूने आमच्या घराकडे यायला लागलात की दर चार पावलांवर एक बिल्डिंग उभी राहत असते. मी शाळेत असल्यापासून हेच चालू आहे. बिल्डिंगभोवती बांबूची परांची बांधतात, गवंडी त्यावर उभे राहून प्लास्टर करतात, मग रंग होतो आणि एक दिवस परांची उतरवतात. लहानपणी मला वाटायचं की परांचीच बिल्डिंगला धरून ठेवते, ती काढली की सगळं कोसळेल. सिव्हिलवाले हसतील, हसू द्या. पण माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत आम्ही घरच्यांनी बरोबर हाच गैरसमज दहा वर्षं बाळगला. त्याची ही गोष्ट, आणि त्या निमित्ताने मी जे वाचलं-शिकले ते.

भाऊ आता पंधरा वर्षांचा आहे. घरातला पंखा, मिक्सर, शेजाऱ्यांची इस्त्री, सगळं तोच उघडतो आणि (बहुतेक वेळा) बंदही करतो. पण तिसरीत असताना तो आपल्या गावाचं नाव ‘वरिार’ असं लिहायचा. शाळेत सगळे म्हणायचे आळशी आहे, लक्ष नाही. मीसुद्धा म्हणायचे. मी हुशार मुलगी ना, दर वर्षी बक्षीस वगैरे! सातवीत एका नव्या बाईंनी आईला बोलावून सांगितलं की एकदा तपासून घ्या. मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात आमच्या चार-पाच खेपा झाल्या. कान तपासले, डोळे तपासले, बुद्ध्यांक काढला, वाचायला-लिहायला देऊन पाहिलं. बुद्ध्यांक चांगला निघाला. निदान झालं डिस्लेक्सिया. आई बाहेरच्या बाकावर बसून रडली, आणि मला आठवतंय, बाबांनी विचारलं, ‘‘म्हणजे तो आळशी नव्हता?’’ त्यानंतर विरार येईपर्यंत कोणी फार बोललं नाही.

डिस्लेक्सिया, ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, एडीएचडी म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष टिकवण्याची अडचण, डिस्कॅल्क्युलिया म्हणजे आकड्यांची अडचण, या सगळ्यांना मिळून आता ‘न्यूरोडायव्हर्जंट’ असा शब्द वापरतात. आजार नव्हे, मेंदूची जोडणी वेगळी. इंजिनियरिंगच्या भाषेत सांगायचं तर आमच्या एका सिनियरकडे एचपीचा जुन्या पद्धतीचा कॅल्क्युलेटर आहे, त्यावर ‘बरोबर’चं बटणच नाही. दोन अधिक तीन करायचं तर आधी दोन, मग एंटर, मग तीन, मग अधिक. कॅसिओची सवय असलेला माणूस तो हातात घेतो, दोन मिनिटं खटखट करतो आणि म्हणतो ‘खराब आहे’. खराब काही नाही. त्याला विचारायची पद्धत वेगळी आहे, आणि ती कळली की मोठी गणितं तो सरसर सोडवतो. अर्थात ही उपमा फार ताणू नका. कॅल्क्युलेटरला वाईट वाटत नाही, मुलाला वाटतं.

डिस्लेक्सियाबद्दल एक गैरसमज आधी काढून टाकते. या मुलांना अक्षरं उलटी दिसतात असं नाही. डोळ्यांचा दोष नाही हा. मुख्य अडचण आवाज आणि अक्षर यांची सांगड घालण्यात असते. १८९६ मध्ये इंग्लंडच्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरने पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाबद्दल ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं. हा मुलगा स्वतःच्या नावातली अक्षरंसुद्धा उलटसुलट लिहायचा. पण ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार त्याने झटपट आणि अचूक केला. (उत्तर ६,४९,३८३. मी कॅल्क्युलेटरवर केलं.) त्याच्या शिक्षकाचं म्हणणं होतं की शिकवणं पूर्ण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. हे वाचून मी माझ्या भावाकडे पाहिलं, तो तेव्हा टेबल फॅनच्या कॉइलला तांब्याची तार गुंडाळत होता.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये, महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळायला सुरुवात झाली. जास्त वेळ, स्पेलिंगच्या चुकांना माफी, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्थाही मुंबईत १९९६ मध्येच सुरू झाली. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या लर्निंग डिसॅबिलिटी क्लिनिकने अशा मुलांच्या तपासणीचं आणि संशोधनाचं मोठं काम केलं. पण घराघरात हा शब्द पोचला तो डिसेंबर २००७ मध्ये ‘तारे ज़मीन पर’ आल्यावर. त्यातली बोर्डिंग शाळा आपल्या पाचगणीची, न्यू एरा हायस्कूल. सिनेमा पाहून सगळे रडले (आमच्या घरी तो टीव्हीवर लागला की आई अजूनही रडते), पण माझी एक तक्रार आहे. त्यातला मुलगा शेवटी चित्रकलेत पहिला येतो. त्यामुळे लोकांना वाटतं की अशा प्रत्येक मुलात एक लपलेला कलाकार असतोच, आणि मग नातेवाईक विचारतात, ‘‘मग याला काय छान येतं?’’ काहीच खास येत नसलं तरी त्याला शिकायचा हक्क आहे की नाही?

आता जरा मराठीकडे वळू, कारण इंग्रजीत या विषयावर ढीगभर पुस्तकं आहेत आणि आपल्या लिपीबद्दल फार कमी. आपण अभिमानाने म्हणतो की देवनागरी जशी बोलतात तशी लिहितात. बऱ्याच अंशी खरं आहे. इंग्रजीसारखं ‘बट’ आणि ‘पुट’चं कोडं इथे नाही. पण ‘विरार’ हाच शब्द घ्या. आपण आधी ‘व’ म्हणतो आणि मग ‘इ’. कागदावर मात्र वेलांटी ‘व’च्या आधी दिसते. म्हणजे डोळा ज्या क्रमाने पुढे जातो आणि कान ज्या क्रमाने ऐकतो, ते दोन क्रम इथे जुळत नाहीत. ‘वरिार’ लिहिणारा मुलगा आळशी नाही, तो या दोन क्रमांच्या मध्ये अडकलाय. मग ‘र’ पाहा. ‘रस’मध्ये एक रूप, ‘प्रेम’मध्ये दुसरं, ‘अर्क’मध्ये तो उडी मारून डोक्यावर जातो, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी टोपी होऊन बसतो, आणि ‘दुसऱ्या’मध्ये पाचवंच काहीतरी. घ-ध, भ-म, थ-य, प-ष या जोड्या आहेतच. २०१५ मध्ये नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरच्या शास्त्रज्ञांनी ‘डाली’ नावाची भारतीय भाषांसाठीची डिस्लेक्सिया तपासणी तयार केली, त्यात मराठीही आहे. तोपर्यंत मराठी माध्यमातल्या मुलाला बहुतेक वेळा इंग्रजीच्या फुटपट्टीने मोजायचे. आपल्यापैकी कोणाला कानडीत परीक्षा देऊन नापास ठरवलं तर कसं वाटेल?

आकड्यांची गंमत तर विचारूच नका. इथे मला स्वतःची फजिती सांगायला हवी. मी आकडे इंग्रजीत शिकले. विरार स्टेशनजवळ भाजीवाल्या मावशी म्हणतात ‘‘एकोणसाठ’’ आणि माझी पीसी हँग! ६९ की ५९? मी हळूच पन्नास, दहा पुढे करते आणि त्या काय परत देतात ते बघते. म्हणजे मनवेलपाड्याच्या बाजारात मी डिस्कॅल्क्युलियावाली आहे. कारण सोपं आहे. इंग्रजीत ‘सिक्स्टी एट’ म्हणताना ६ आधी, ८ नंतर, लिहितो तसंच. मराठीत ‘अडुसष्ट’ म्हणजे आठ आधी ऐकू येतो आणि लिहायचा नंतर. माझा भाऊ ऐकतो तसं लिहायचा, ८६. त्यात २९ म्हणजे एकोणतीस, तीसला एक कमी, म्हणजे वजाबाकी करून वाचायचं. ८९ एकोणनव्वद, पण ९९ एकोणशंभर नाही, नव्व्याण्णव. आणि हा शब्द लिहायला लागलात तर जोडाक्षरांचा वेगळा हिशेब.

जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘तेवीस’बरोबर ‘वीस तीन’ असंही वाचन दिलं होतं. केवढा गदारोळ झाला! पेपरांत, टीव्हीवर, विधानसभेत विनोद झाले. भाषा बुडाली म्हणाले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर (२०२३ मध्ये त्या गेल्या) शांतपणे सांगत राहिल्या की जुनी पद्धत काढलेली नाही, लहान मुलांना सोपं जावं म्हणून दुसरी जोडीला दिली आहे. तेव्हा मीही मैत्रिणींबरोबर त्या विनोदांवर खूप हसले होते. घरी भाऊ ६८ला ८६ लिहून मार खात होता, आणि मी हसत होते. दोन्ही गोष्टींचा काही संबंध आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

असो. निदान झाल्यावर आम्ही काय केलं ते सांगते. आम्ही परांची बांधली. आणि कसली! सगळं घर कामाला लागलं. आई त्याचं दप्तर भरायची. प्रोजेक्ट मी करायचे, माझं अक्षर छान आहे म्हणून. तो बोलताना अडखळला की वाक्य मी पुरं करायचे. रिक्षावाल्याला कुठे जायचं ते बाबा सांगायचे. दुकानात तो गेलाच तर आई आधी फोन करून ठेवायची, ‘‘आमचा येतोय, अर्धा लिटर दूध द्या त्याला.’’ मार्क वाढले. सगळे खूश.

मग मी होस्टेलला आले. पहिल्या सेमिस्टरमध्ये एका शनिवारी त्याला वसईला मावशीकडे एकट्याने जायचं होतं. चौदा वर्षांचा मुलगा, विरार ते वसई रोड, मध्ये फक्त नालासोपारा. तो तिकीट खिडकीपाशी पोचला, आतून काहीतरी विचारलं गेलं, त्याला शब्द सुचेना, मागची रांग ओरडायला लागली. तो रांगेतून बाहेर पडला आणि चालत घरी आला. आईने मला फोन केला तेव्हा तो पंख्याखाली भिंतीकडे तोंड करून बसला होता. ‘‘तू असतीस तर तिकीट काढलं असतंस,’’ एवढंच म्हणाला. त्या रात्री मला कळलं की दहा वर्षांत आम्ही त्याला एकदाही तिकीट काढू दिलेलं नाही.

या मदतीचं शास्त्र शोधताना ‘स्कॅफोल्डिंग’ हा शब्द सापडला. म्हणजे चक्क परांची! १९७६ मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस या तिघांनी शिकवण्याबद्दल हा शब्द वापरला. मुलाला जे एकट्याने अजून जमत नाही पण मदतीने जमतं, तिथे आधार द्यायचा, आणि जमायला लागलं की आधार काढत जायचा. सगळी मेख त्या ‘काढत जायचा’मध्ये आहे. आम्ही पहिला अर्धा भागच केला होता.

काढायचा कसा, याची एक पद्धत विशेष शिक्षक वापरतात. मला ती फार आवडली, कारण ती डीबगिंगसारखी उलटीकडून चालते. कामाचे तुकडे करायचे. तिकिटाचे आम्ही पाच केले: रांगेत उभं राहणं, स्टेशनचं नाव सांगणं, पैसे देणं, तिकीट आणि सुट्टे घेणं, तिकिटावरचं नाव तपासणं. आणि शिकवायचा शेवटचा तुकडा आधी. म्हणजे पहिल्या दिवशी रांग, नाव, पैसे, घेणं सगळं मी केलं, त्याने फक्त तिकिटावर ‘वसई रोड’ लिहिलंय का ते पाहिलं. दुसऱ्या वेळी तिकीट आणि सुट्टे त्याने घेतले. मग पैसे त्याने दिले. असं मागे मागे येत रांगेपर्यंत. याचा फायदा असा की प्रत्येक वेळी काम पूर्ण करणारा तोच असतो. सुरुवातीपासून शिकवलं तर मूल पहिल्याच पायरीवर अडतं आणि शेवट कायम दुसरा कोणीतरी करतो, जसे आमच्या घरी मी करायचे.

दिवाळीच्या सुट्टीत सुरू केलं आणि नाताळपर्यंत चाललं, दर शनिवार-रविवार. स्टेशनचं नाव सांगायची पायरी सगळ्यांत कठीण गेली. तीन आठवडे तिथेच अडकलो. मी आधी त्याच्या शेजारी उभी राहायचे, मग दोन माणसं मागे, मग वडापावच्या गाडीपाशी. (तीन वडापाव या संशोधनावर खर्च झाले.) एकदा त्याने ‘वसई’ऐवजी ‘वांद्रे’ म्हटलं आणि तिकीट आलं वांद्र्याचं. मी धावत पुढे जाणार होते. कसेबसे स्वतःचे पाय धरून ठेवले. त्याने तिकीट पाहिलं, कपाळावर हात मारला आणि परत रांगेत उभा राहिला. पैसे गेले, पण मला तो दिवस सगळ्यांत जास्त आठवतो.

थांबणं हे फार अवघड काम आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमधल्या टेप ऐकून मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी साधारण एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. फक्त दोन सेकंदांचा फरक! आपल्या व्हायवाला हे लागू होतं की नाही, सरांनीच ठरवावं. मी आता भावाशी बोलताना मनात दहापर्यंत मोजते. मराठीत मोजते, तेवढीच प्रॅक्टिस.

इथे एक जिल्ह्याच्या अभिमानाची गोष्ट सांगते, जी मला गेल्या वर्षीपर्यंत माहीत नव्हती. मुलाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या वेगाने शिकावं हा विचार जगभर पोचवला मारिया माँटेसरी यांनी. पण त्यांनी सुरुवात ‘हुशार’ मुलांपासून केली नव्हती. त्या डॉक्टर होत्या, आणि १९०० च्या सुमारास रोममध्ये मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांना शिकवत होत्या. अक्षरं बोटाने गिरवायची, वस्तू हाताळायच्या, चूक स्वतःची स्वतःला कळेल अशी साधनं. ती मुलं शिकली, तेव्हा त्यांना प्रश्न पडला की मग साध्या शाळांतली मुलं एवढी मागे का? त्यातून १९०७ मध्ये त्यांचं पहिलं बालगृह निघालं. म्हणजे आज महागड्या प्री-स्कूलच्या बोर्डावर जे नाव असतं त्याचं मूळ न्यूरोडायव्हर्जंट मुलांत आहे!

हाच विचार भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे आला. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक तो घेऊन १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबत. बोर्डी आणि कोसबाड दोन्ही डहाणू तालुक्यात, आपल्या आत्ताच्या पालघर जिल्ह्यात. विरारहून डहाणू लोकलने तिकडे जाता येतं. तिथली आदिवासी मुलं शाळेत येईनात. आळशी म्हणून नाही, त्यांना गुरं राखायची असत, धाकटी भावंडं सांभाळायची असत. मग या दोघींनी शाळाच अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरं चरतात त्या कुरणात नेली, ती कुरणशाळा. साधनं म्हणून बिया, शिंपले, पानं, खडे. मूल शाळेत बसत नसेल तर शाळेचा आकार बदलायचा, मुलाचा नाही. इतकं सरळ. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा देशभर गावोगाव अंगणवाडी हाच शब्द गेला.

आणि बोटाने गिरवायची अक्षरं म्हणजे तरी काय? आपल्या पणजोबांची धूळपाटी! पाटीवर धूळ पसरायची, बोटाने अक्षर काढायचं, तोंडाने मोठ्यांदा म्हणायचं. डोळा, कान, बोट तिन्ही एकदम. डिस्लेक्सियासाठी अमेरिकेत १९३० च्या दशकात ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी जी पद्धत बसवली, तिचा गाभा हाच आहे. आम्ही घरी स्टीलच्या ताटात रवा पसरला. आई म्हणाली अन्नाचा अपमान, मग बिल्डिंगखालची रेती चाळून आणली. ‘वि’ काढताना तो आधी ‘व’ काढतो, म्हणतो ‘व’, मग वेलांटी काढतो, म्हणतो ‘इ’. क्रम कानाचा, जागा डोळ्याची. आठवीतल्या मुलाला रेतीत अक्षरं गिरवायला लाज वाटायची म्हणून दार लावून करायचो.

आकड्यांसाठी तो ‘अडुसष्ट’ ऐकला की आधी पुटपुटतो ‘सहा आठ’, फोन नंबरसारखं, मग लिहितो. गणिताला चौकटीची वही, एका चौकटीत एक आकडा, म्हणजे हातचा इकडेतिकडे पळत नाही. इतिहास-भूगोलाचे धडे बाबांनी रात्री मोबाइलवर वाचून रेकॉर्ड केले. बाबा सकाळी ५.४०ला घर सोडतात, रात्री जेवण झालं की अर्धा तास वाचायचे. मध्ये मध्ये जांभया ऐकू येतात. भाऊ म्हणतो पानिपतच्या लढाईत बाबांना झोप लागली होती.

नववीच्या शेवटी खरा प्रश्न आला. दहावीला कुठल्या सवलती घ्यायच्या? आईचं म्हणणं, बीजगणित-भूमिती सोडून सातवीचं गणित घ्यावं. सूट मिळतेय तर घे ना, कशाला डोक्याला ताप. तिचं चूक नव्हतं, रात्री त्याच्याबरोबर रडायला तीच असते. पण त्याला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचाय, आणि डिप्लोमाला दहावीचं गणित लागतं. त्या सवलती ज्यांना लागतात त्यांनी जरूर घ्याव्यात, त्यात कमीपणा काही नाही. फक्त ती सही करताना पुढचं कुठलं दार बंद होतंय ते आधी पाहावं. आमच्या घरी आठ दिवस वाद चालला. मजा म्हणजे सगळे त्याच्याबद्दल बोलत होते आणि तो पंखा दुरुस्त करत होता. शेवटी बाबांनी त्यालाच विचारलं. (दहापर्यंत मोजलं. मी मोजलं, बाबांनी नाही.) तो म्हणाला, ‘‘वेळ जास्त द्या आणि कोणीतरी पेपर वाचून दाखवा. गणित मी करतो.’’ तसाच फॉर्म भरला. पहिल्या चाचणीत गणित भाग १ला ४० पैकी १७ मिळाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘एवढं करून सतरा?’’ बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये आहे. काय होईल ते मला माहीत नाही.

आता आपल्या होस्टेलकडे. ही मुलं दहावीनंतर गायब होत नाहीत, ती इथेही आहेत, बऱ्याच जणांना स्वतःलाही माहीत नाही. लेक्चरमध्ये सगळं समजतं पण जर्नल पूर्ण होत नाही असा एक. मेसमधला भांड्यांचा आवाज सहन होत नाही म्हणून साडेनऊला एकटा जेवायला जाणारा एक. चार कामं सांगितली की दोन विसरणारी एक. आपण त्यांना काय म्हणतो ते इथे छापता येणार नाही. त्यातल्या त्यात छापण्यासारखा शब्द म्हणजे ‘ढ’. म्हणतात की ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत सगळी अक्षरं बदलली, ‘ढ’ तेवढा होता तसाच राहिला, म्हणून न शिकणाऱ्याला ‘ढ’ म्हणायचं. माझ्या भावाचं मत वेगळं आहे. तो म्हणतो ‘ढ’ला कोणी त्रास दिला नाही, म्हणून तो सुखी आहे.

कायद्याने काय मिळतं ते थोडक्यात सांगते, कारण आपल्यापैकी अनेकांना माहीत नाही. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम किंवा डिस्लेक्सिया नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले आणि हे दोन्ही त्यात आहेत. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात. लेखी परीक्षेत दर तासाला किमान २० मिनिटं जास्त मिळावीत असं केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. हे ऐकून आमच्या विंगमध्ये एकीने विचारलं, ‘‘मग आम्हाला पण द्या की एक तास!’’ द्यायला माझी हरकत नाही. चष्मा लावणाऱ्याला आपण कधी म्हणतो का, की तुला दोन काचा जास्त मिळाल्या?

सरांना आणि मॅडमना एक विनंती, रागावू नका. जर्नल हाताने लिहून घेण्यातून नेमकं काय तपासलं जातं? आम्ही दहाही एक्सपेरिमेंट मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही. ज्याचा हात चालत नाही तो मात्र यातच मागे पडतो, ऑसिलोस्कोप त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत असला तरी. त्याला टाइप करू द्या, नाहीतर उभं करून विचारा. सबमिशनची तारीख तोंडी सांगता तीच फळ्यावरही लिहा. याला एक रुपया खर्च नाही.

आणि रूम पार्टनर्सना: मदत करताना माझ्यासारखं करू नका. असाइनमेंट करून देणं सोपं असतं, दहा मिनिटांत संपतं आणि आपल्याला मोठं वाटतं. त्याच्या शेजारी बसून आपलं काम करत राहणं कठीण असतं. एडीएचडी असलेल्या कित्येकांना नुसतं कोणी शेजारी बसलेलं असलं तरी काम सुरू करता येतं. बोलायचंही नाही.

मागच्या रविवारी भाऊ मला भेटायला इथे आला, एकटा. आईने स्टेशनवर सोडायला येते म्हटलं, तर तलावाच्या कोपऱ्यापर्यंतच ये म्हणाला. मी आपल्या स्टेशनवर अर्धा तास आधीच जाऊन उभी होते. तो एक गाडी चुकवून आला, कारण पहिली फार भरलेली होती आणि त्याला गर्दीचा आवाज नको होता, म्हणून पुढच्या गाडीला थांबला. हे त्याचं त्याने ठरवलं. होस्टेलच्या गेटवरच्या रजिस्टरमध्ये त्याने नाव लिहिलं, ‘कुठून आलात’ या रकान्यात ‘विरार’ लिहायला बराच वेळ घेतला. वॉचमन काका घड्याळ बघत होते, पण काही बोलले नाहीत. संध्याकाळी परत निघताना लक्षात आलं की परतीचं तिकीट काढलेलं नाही. ‘‘मी काढू?’’ मी सवयीने विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही. तो रांगेत जाऊन उभा राहिला, आणि मी बाकावर बसून दहापर्यंत मोजायला लागले. रांग मोठी होती, नव्व्याण्णवपर्यंत गेले.